विश्लेषण : कराचीत वाढलेल्या ॲडमिरलनेच कराचीवर हल्ला कसा घडवला? १९७१च्या युद्धातील नंदा यांची कामगिरी काय होती?

१९६५च्या युद्धात भारतीय नौदल जवळपास प्रेक्षकाच्या भूमिकेत होते. सहा वर्षांनी त्याच नौदलाने पाकिस्तानच्या मुख्य बंदरावर पाच दिवसांत दोनदा क्षेपणास्त्रे डागली. ४ डिसेंबरला साजरा होणारा नौदल दिन त्यातील पहिल्या हल्ल्याची आठवण म्हणून असतो. या बदलामागे तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांचे नियोजन होते. त्यांनी कोणते निर्णय घेतले, कोणते धोके पत्करले आणि त्यांची किंमत काय मोजावी लागली, याचा हा आढावा.

ॲडमिरल नंदा कोण होते?

नंदा यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१५ चा. त्यांचे बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा येथे गेले. बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज मनोऱ्याच्या दीपगृहाजवळून जाते. त्यामुळे बंदराचा मार्ग, तेथील भरती-ओहोटी, गोदी आणि तेलसाठ्यांच्या जागा या गोष्टी त्यांना नकाशातून शिकाव्या लागल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ते ‘रॉयल इंडियन नेव्ही’च्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. फाळणीनंतर ज्या गावात ते वाढले ते गाव परदेशात गेले आणि पुढे शत्रूच्या नौदलाचा मुख्य तळ बनले.

स्वातंत्र्यानंतर त्यांची वाटचाल झपाट्याने झाली. १९५७ मध्ये ब्रिटनकडून घेतलेली ‘आयएनएस म्हैसूर’ ही क्रूझर भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान नंदा होते. १९६०च्या दशकात मुंबईच्या माझगाव डॉकची सूत्रे त्यांच्याकडे होती. ‘लिअँडर’ वर्गातील फ्रिगेट भारतात बांधण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी याच काळात झाली. त्यातली पहिली युद्धनौका ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. त्यानंतर ताफ्याचे आणि पश्चिम विभागाचे नेतृत्व करून १ मार्च १९७० रोजी ते नौदलप्रमुख झाले. जहाज चालवणे, जहाज बांधणे आणि ताफा लढवणे या तिन्ही बाजू माहीत असलेला अधिकारी युद्धाच्या पावणेदोन वर्षे आधी सर्वोच्च पदावर पोहोचला होता.

१९६५चा सल काय होता?

७ सप्टेंबर १९६५च्या रात्री पाकिस्तानच्या सात युद्धनौकांनी द्वारकेवर तोफगोळे डागले. प्रत्यक्ष नुकसान फारसे झाले नाही. पण शत्रूचा ताफा सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आला, मारा करून सुखरूप परत गेला आणि भारतीय नौदलाने काहीच केले नाही, ही बाब जिव्हारी लागणारी होती. ‘आयएनएस तलवार’ ही फ्रिगेट तेव्हा जवळच ओखा येथे दुरुस्तीसाठी थांबलेली होती. विमानवाहू ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदीत होती.

जहाजांच्या अवस्थेपेक्षा मोठे कारण आदेशांचे होते. युद्धाची व्याप्ती समुद्रात वाढू नये, असे सरकारचे धोरण होते. त्यानुसार पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जाऊ नये आणि स्वतःहून आक्रमक कारवाई करू नये, असे नौदलाला सांगण्यात आले होते. परिणामी कराचीच्या दिशेने जाणेच बंद झाले. लष्कर आणि हवाई दलाने युद्ध लढले. नौदलाला मात्र ‘तुम्ही कुठे होता’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. नौदलातील एका पिढीने हा अपमान मनात ठेवला. नंदा त्याच पिढीचे होते.

युद्धाआधी पंतप्रधानांना काय विचारले?

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीमुळे लाखो निर्वासित भारतात येऊ लागले आणि युद्धाची शक्यता दिसू लागली. नंदा यांच्यासमोर पहिला प्रश्न शस्त्रांचा नव्हता, परवानगीचा होता. युद्ध सुरू झाल्यावर दिल्लीतून पुन्हा एखादी अक्षांशाची रेषा आखून दिली गेली, तर सगळी तयारी वाया जाणार होती.

त्यामुळे युद्धापूर्वी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेऊन त्यांनी थेट विचारणा केली. नौदलाने कराचीवर हल्ला केला तर सरकारला त्यात राजकीय अडचण आहे का, असा तो प्रश्न होता. प्रश्न का विचारावा लागतो आहे हे सांगताना त्यांनी १९६५च्या निर्बंधांचा दाखला दिला. युद्ध झालेच तर ते युद्धासारखेच लढले जाईल, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. ही आठवण नंदा यांनी नंतर अनेकदा सांगितली. त्या एका उत्तराने नौदलाला सहा वर्षांपूर्वी नसलेली मोकळीक मिळाली. आता हल्ल्याची योजना मुख्यालयातील केवळ कागदावरची कल्पना राहिली नव्हती.

लक्ष्य कराचीच का?

कराची हे त्या वेळी पश्चिम पाकिस्तानचे एकमेव मोठे बंदर होते. नौदलाचे मुख्यालय तिथे, युद्धनौका तिथे आणि आयात तेलाचा साठाही तिथल्याच केमारी भागात. शिवाय १९७१च्या फेब्रुवारीपासून भारताने आपल्या हद्दीवरून पाकिस्तानी विमानांना बंदी घातली होती. त्यामुळे पश्चिम आणि पूर्व पाकिस्तानला जोडणारा मार्ग श्रीलंकेला वळसा घालून जात होता. सैन्य आणि साहित्याची मोठी वाहतूक समुद्रातूनच शक्य होती. कराचीची कोंडी झाली तर पश्चिमेकडील इंधनपुरवठा अडचणीत येणार होता आणि ढाक्यातील फौजांना समुद्रमार्गे मदत मिळणे कठीण होणार होते.

पण अडचणीही तेवढ्याच होत्या. कराचीजवळ पाकिस्तानी हवाई दलाचे तळ होते. भारताच्या मोठ्या आणि बऱ्याचशा जुन्या युद्धनौका दिवसाउजेडी त्या टापूत गेल्या असत्या, तर विमानांचे सोपे लक्ष्य ठरल्या असत्या. त्यातच पाकिस्तानकडे फ्रान्समध्ये बांधलेल्या ‘डॅफ्ने’ वर्गातील तीन आधुनिक पाणबुड्या होत्या.

बंदर राखायच्या नौका आक्रमणासाठी कशा वापरल्या?

उत्तर सापडले ते सोव्हिएत बनावटीच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांमध्ये. ‘ओसा’ वर्गातील अशा आठ नौका भारताने घेतल्या होत्या. जेमतेम दोनशे टन वजनाची ही नौका चार ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रे वाहून नेत असे. क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या तशाच छोट्या नौकांनी पोर्ट सईदजवळ इस्रायलची ‘ऐलात’ ही विनाशिका याच क्षेपणास्त्रांनी बुडवली होती. छोटी नौका मोठ्या युद्धनौकेला बुडवू शकते, हे त्या घटनेने जगाला दाखवून दिले.

मात्र या नौका मुळात आपल्या बंदरांच्या रक्षणासाठी बांधलेल्या होत्या. इंधन कमी, खवळलेल्या समुद्रात टिकण्याची क्षमता मर्यादित आणि हवाई हल्ल्यापासून बचावाची साधने तुटपुंजी. मुंबईहून कराचीपर्यंतचे सुमारे पाचशे सागरी मैल अंतर कापून, लढून परत येणे त्यांच्या आवाक्यात नव्हते.

येथे एका गैरसोयीतून वाट निघाली. सोव्हिएत संघातून आलेल्या या नौका मालवाहू जहाजावरून उतरवण्याइतकी मोठी क्रेन मुंबई बंदरात नव्हती. त्यामुळे त्या कोलकात्याला उतरवण्यात आल्या आणि तेथून संपूर्ण द्वीपकल्पाला वळसा घालून, दुसऱ्या जहाजांच्या मागे बांधून, मुंबईला आणण्यात आल्या. इतके अंतर त्या ओढून आणता येतात, तर कराचीच्या दिशेने का नेता येणार नाहीत, असा विचार पुढे आला. फ्रिगेटच्या मागे त्या ओढून नेण्याचे सराव झाले. जोडीला लांब पल्ल्याची रडार असलेली मोठी जहाजे आणि तेलवाहू जहाज ठेवले, तर बचावाचे हे शस्त्र चढाईचे होऊ शकत होते. नौकांवरील अधिकारी आणि खलाशी सोव्हिएत संघात प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यामुळे मोहिमेत बिनतारी संदेशांसाठी रशियन भाषेचाही वापर करण्यात आला. चोरून ऐकणाऱ्याला हे संदेश भारतीय नौकांचे आहेत हे चटकन कळू नये, हा त्यामागचा हेतू.

‘ऑपरेशन ट्रायडंट’च्या रात्री काय घडले?

३ डिसेंबर १९७१च्या सायंकाळी पाकिस्तानने भारतीय हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. पश्चिम विभागाचे प्रमुख व्हाईस ॲडमिरल एस. एन. कोहली होते, तर पश्चिम ताफ्याचे नेतृत्व रिअर ॲडमिरल ई. सी. कुरुविला यांच्याकडे होते. हल्ल्याच्या तुकडीत ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका, सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या मोठ्या नौका व ‘पोषक’ हे तेलवाहू जहाज होते. तुकडीचे नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव करत होते.

४ डिसेंबरला दिवसभर ही तुकडी कराचीपासून सुमारे अडीचशे सागरी मैलांवर, पाकिस्तानी टेहळणीच्या बाहेर थांबली. पाकिस्तानी हवाई दलाला रात्री समुद्रावर हल्ला करण्याची फारशी क्षमता नाही, हा योजनेचा पाया होता. अंधार पडल्यावर नौका वेगाने उत्तरेकडे निघाल्या. रात्री पावणेअकराच्या सुमारास ‘निर्घात’ने ‘खैबर’ या विनाशिकेवर क्षेपणास्त्र डागले. समुद्राच्या पृष्ठभागालगत येणारा तो प्रकाश म्हणजे विमान आहे, असे ‘खैबर’वरील खलाशांना वाटले. हवाई हल्ला झाल्याचा संदेश तिने पाठवला. दुसऱ्या क्षेपणास्त्रानंतर ती बुडाली आणि तिच्यावरील २२२ जणांना प्राण गमवावे लागले. द्वारकेवर गोळे डागणाऱ्या सात युद्धनौकांपैकी ‘खैबर’ एक होती.

‘वीर’ने ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. मदतीसाठी संदेश पाठवण्याइतकीही उसंत तिला मिळाली नाही. तिच्यावरील ३३ जण मृत्युमुखी पडले. ‘निपात’च्या माऱ्यात ‘व्हीनस चॅलेंजर’ हे व्यापारी जहाज नष्ट झाले. त्यातून दारूगोळा नेला जात होता, असे भारतीय नौदलाचे म्हणणे आहे. त्यानंतर ‘निपात’ने आणखी पुढे जाऊन केमारीच्या तेलटाक्यांच्या दिशेने क्षेपणास्त्र डागले. जहाजांविरुद्ध बनवलेले क्षेपणास्त्र जमिनीवरील लक्ष्यासाठी वापरले गेले. तिन्ही नौका एकही माणूस न गमावता परतल्या. यादव यांना महावीर चक्र मिळाले.

दुसऱ्या हल्ल्याचा परिणाम काय झाला?

पहिल्या हल्ल्यानंतर कराचीत सावधगिरीची जागा घबराटीने घेतली. ६ डिसेंबरला पाकिस्तानी टेहळणी विमानाने आपलीच ‘झुल्फिकार’ ही फ्रिगेट भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून कळवली आणि पाकिस्तानी हवाई दलाने तिच्यावर मारा केला. त्यात त्यांच्याच खलाशांचे बळी गेले.

८ डिसेंबरच्या रात्री, खवळलेल्या समुद्रात, ‘विनाश’ ही एकच क्षेपणास्त्र नौका ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या फ्रिगेटच्या सोबतीने कराचीजवळ पोहोचली. ‘ऑपरेशन पायथन’ हे या हल्ल्याचे नाव. मनोऱ्याच्या दक्षिणेकडून तिने चारही क्षेपणास्त्रे डागली. केमारीतील तेलसाठे पुन्हा पेटले. पनामाचे ‘गल्फ स्टार’ बुडाले, ब्रिटिश ‘हरमॅटन’ आणि पाकिस्तानी नौदलाचे ‘ढाका’ हे तेलवाहू जहाज यांचे मोठे नुकसान झाले. १९६५ मध्ये द्वारकेजवळ दुरुस्तीसाठी थांबलेली ‘तलवार’ या वेळी कराचीच्या दारात होती.

या दोन रात्रींचा खरा परिणाम बुडालेल्या जहाजांच्या संख्येत मोजता येत नाही. पाकिस्तानी युद्धनौका बंदराच्या आश्रयाला गेल्या. परदेशी व्यापारी जहाजे कराचीला जाणे टाळू लागली आणि तेथून बाहेर पडण्यासाठी भारताकडे सुरक्षित मार्गाची विनंती करू लागली. नाकेबंदीची घोषणा करणे सोपे असते. ती पाळली जाते का, हे जहाजांचे मालक आणि विमा कंपन्या ठरवतात. त्यांनी आपला निर्णय दिला होता.

‘विक्रांत’बाबत कोणता धोका पत्करला?

पूर्वेकडे प्रश्न वेगळा होता. ‘विक्रांत’च्या बॉयलरला तडे गेले होते आणि तिच्या वेगावर मर्यादा आल्या होत्या. विमानवाहू नौकेसाठी हे गंभीर दुखणे असते, कारण विमानांना उड्डाणासाठी जहाजाच्या वेगाची मदत लागते. तिला मागे ठेवावे, असा सावध सल्ला देणे सोपे होते. पण १९६५ पाठोपाठ १९७१ मध्येही ‘विक्रांत’ गोदीत राहिली असती, तर विमानवाहू नौका बाळगायचीच कशाला, हा प्रश्न विचारला गेला असता. तिला पूर्व ताफ्यात पाठवण्याचा निर्णय झाला. पूर्व पाकिस्तानातील हवाई विरोध मर्यादित असल्याने तिथे ती उपयोगी ठरेल, हा त्यामागचा हिशेब.

पूर्व विभागाचे प्रमुख व्हाईस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ विशाखापट्टणमजवळच असल्याचा आभास निर्माण केला आणि प्रत्यक्षात तिला अंदमानात दडवून ठेवले. तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या स्फोटकांमुळे ती बुडाली, असे भारत सांगतो. पाकिस्तानच्या मते तो अपघाती स्फोट होता. ४ डिसेंबरपासून ‘विक्रांत’वरील ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव आणि अन्य ठिकाणांवर मारा केला. समुद्रातून सुटकेचा मार्ग बंद झाल्याने १६ डिसेंबरच्या शरणागतीला हातभार लागला.

‘खुकरी’ची किंमत कोणी मोजली?

नंदा यांच्या आक्रमक युद्धाला दुसरी बाजूही आहे. ‘पायथन’च्या यशाला चोवीस तास होण्याच्या आतच, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’वर पाणतीर डागला. फ्रिगेट काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी असे १९४ जण तिच्यासोबत गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना जहाज सोडायला लावले, स्वतः मात्र जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

‘खुकरी’ आणि तिच्या सोबतची ‘किरपाण’ या दोन्ही पाणबुडीविरोधी फ्रिगेटच होत्या. पाणबुडी शोधायलाच त्यांना पाठवले होते. पण त्यांच्या सोनार यंत्रणेपेक्षा ‘हंगोर’ची श्रवणक्षमता कितीतरी सरस होती. सोनारचा पल्ला वाढवण्यासाठीच्या एका प्रयोगामुळे ‘खुकरी’ कमी वेगाने जात होती, हेही एक कारण पुढे आले. शिकाऱ्याचीच शिकार झाली. अपुऱ्या साधनांनिशी या दोन जहाजांना आधुनिक पाणबुडीमागे धाडायला हवे होते का, हा प्रश्न नौदलात आणि बाहेर दीर्घकाळ विचारला गेला. ‘हंगोर’चा माग काढण्यासाठी जहाजे आणि विमाने गुंतल्याने कराचीवरील तिसऱ्या क्षेपणास्त्र हल्ल्याची योजनाही बारगळली. पाणबुडी मात्र निसटली.

एका योजनेने जे साधले आणि दुसऱ्या मोहिमेत जे गमावले, त्यामागचा स्वभाव एकच होता : शत्रूची वाट न पाहता त्याच्याकडे जाणे. क्षेपणास्त्र नौकांच्या बाबतीत ही जोखीम सराव आणि योग्य जोडणीने पेलली गेली. पाणबुडीविरोधी लढाईत साधनांची उणीव धाडसाने भरून निघाली नाही.

मतभेद कशावर आहेत?

कराचीच्या तेलटाक्या नेमक्या कोणाच्या हल्ल्याने पेटल्या, यावर आजही एकमत नाही. ४ डिसेंबरच्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या ‘हंटर’ विमानांनीही केमारीवर मारा केला होता आणि आगीचे श्रेय हवाई दलही सांगते. ‘गाझी’बाबतचे दोन्ही देशांचे दावे वेगळे आहेतच.

श्रेय एका व्यक्तीला द्यावे का, हाही मुद्दा आहे. नंदा युद्धकाळात कोणत्याही जहाजावर नव्हते. कोहली, कुरुविला, कृष्णन, यादव आणि योजना तपशिलाने आखणारे ताफ्यातील अधिकारी यांच्याशिवाय हे घडले नसते. क्षेपणास्त्र नौकांवरील तरुण कप्तानांनी ऐन वेळी घेतलेले निर्णय तर कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते.

नंदा यांचे वेगळेपण कशात?

नौदलप्रमुखाचे काम नेमके कुठे सुरू होते, हे नंदा यांनी ओळखले होते. लढाईच्या रात्री त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. त्यांचे युद्ध त्याआधीच्या महिन्यांत झाले. सरकारकडून स्पष्ट उत्तर मिळवणे, बंदर राखायच्या नौका चढाईला वापरू देणे आणि नादुरुस्त ‘विक्रांत’ला युद्धात उतरवणे हे तिन्ही निर्णय फसले असते, तर जबाबदारी त्यांची एकट्याची ठरली असती. १९६५ मध्ये जहाजे कमी पडली त्याहून अधिक हा मोकळेपणा कमी पडला होता.

युद्धानंतर त्यांना पद्मविभूषणने गौरवण्यात आले. फेब्रुवारी १९७३ अखेर ते निवृत्त झाले आणि पुढे ‘शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’चे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम पाहिले. कराचीवर हल्ला करणारा माणूस, अशी स्वतःची ओळख देणारे शीर्षक त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिले. ११ मे २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

नौदल दिनाला मुंबईत युद्धनौका रोषणाईने उजळतात, त्या ‘ट्रायडंट’च्या रात्रीच्या स्मरणार्थ. दीवच्या किनाऱ्यावर ‘खुकरी’चे स्मारक उभे आहे. १९७१च्या नौदलाची आणि त्याच्या प्रमुखाची गोष्ट पूर्ण होण्यासाठी या दोन्ही ठिकाणांची आठवण ठेवावी लागते.